पाच टक्क्यांवरून सत्तेचाळीस

गेली चार-पाच वर्षं मी इथले अमानवीय अनुभव वाचतोय आणि खरं सांगतो, वाचून हसतोय. कुणाला वळणावर बाई दिसते, कुणाला विहिरीतून हाक येते... मी म्हणायचो, अरे, आधी झोप पूर्ण करा, डोळे तपासून घ्या. दोघातिघांच्या अनुभवांखाली मी खवचट कमेंटही टाकलेली आहे. त्यांनी मला ओळखलं असेल तर आज मनापासून माफी मागतो. कारण आता माझी पाळी आहे, आणि कमेंटमध्ये मला काय ऐकायला मिळणार तेही मला ठाऊक आहे.

माझं थोडं सांगतो, म्हणजे मी हवेत गोळ्या झाडणारा माणूस नाही हे कळेल. मी भिवंडीजवळच्या कोन गावचा, आगरी. नोकरी शेजारच्या वळ गावात, एका गोडाऊनमध्ये डिस्पॅचला. ट्रक किती वाजता आत आला, किती वाजता बाहेर पडला, सील कुणी तोडलं — हे लिहिल्याशिवाय माझ्या गेटातून मांजरसुद्धा जात नाही. त्यामुळे खाली जे टायमिंग देतोय ते अंदाजपंचे नाही. सगळं मोबाईलमध्ये आहे.

तर झालं असं...

माझी मोठी बहीण, ताई, हिने बावीस वर्षांपूर्वी पळून जाऊन लग्न केलं. भाऊजी मूळचे सांगली जिल्ह्यातले, विट्याच्या पुढच्या एका गावचे. भिवंडीला लूमवर, यंत्रमागावर कामाला आलेले. आणि कामाला कुणाच्या हाताखाली? आमच्याच बाबांच्या! बाबा निजामपुऱ्यात एका कारखान्यात जॉबर होते, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारे कारागीर. चाळीस वर्षं त्यांनी तेच केलं. ज्या पोराला त्यांनी हाताला धरून काम शिकवलं, तोच पोरगा त्यांच्या मुलीला घेऊन गेला. जात वेगळी हे होतंच, पण बाबांना लागलं ते हे. ‘तिच्या घरचा पाणी पिनार न्हाय’ असं बोलले आणि खरोखर बावीस वर्षं प्यायले नाहीत. आई होती तोवर ती चोरून फोन करायची. दोन वर्षांपूर्वी आई गेली तेव्हा ताई आली, दिवसभर दारात बसली. बाबा तिच्याशी एक शब्द बोलले नाहीत. त्या दिवशी मला बाबांचा इतका राग आला होता की विचारू नका.

आता ताईच्या मुलीचं, सायलीचं, लग्न ठरलं. गोरज मुहूर्त, संध्याकाळी सहा वाजून बारा मिनिटांनी. आपल्याकडे नवरीला मांडवात मामा आणतो, आणि मामा एकच, मी. ताईने मला फोनवर सांगितलं, “दादा, तू ये. बाबांना पण सांग. आले तर डोक्यावर घेईन. पण हे शेवटचं हां. यापुढे मी बोलावणार नाही, माझ्यात आता ताकद नाही.” ताई थोरली असूनही मला लहानपणापासून दादाच म्हणते. तिचा आवाज रडवेला नव्हता, थकलेला होता, आणि मला त्याचीच भीती वाटली.

मी बाबांना सांगितलं. त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

बायको आणि मुलं हळदीसाठी दोन दिवस आधीच ट्रेनने गेली होती. मला सुट्टी एकाच दिवसाची, म्हणून मी लग्नाच्या दिवशी पहाटे एकटाच गाडी घेऊन निघणार होतो. गाडी इलेक्ट्रिक. घेऊन आठ महिने झाले होते, आणि एवढ्या लांब पहिल्यांदाच न्यायची होती. बाबा तिला ‘मोबाईल’ म्हणतात. “तुजा मोबाईल चार्ज झाला क?” अशी त्यांची रोजची टिंगल. फुल चार्जवर रस्त्यात अडीचशे-पावणेतीनशे किलोमीटर जाते. प्रवास साडेतीनशेचा. एक्सेलमध्ये तक्ता केला होता. साताऱ्याजवळ एकदा चार्जिंग, एक वाजता जेवण, तीन वाजता ताईच्या दारात... कसं एकदम चोख!

पहाटे साडेपाचला खाली आलो तर गाडीपाशी बाबा उभे. इस्त्रीचा पांढरा शर्ट, टोपी, हातात पिशवी. वय चौऱ्याहत्तर, एक गुडघा कामातून गेलेला.

“मना बी येवाचा हाय,” म्हणाले.

बस. एवढंच. मी दार उघडून दिलं, सीट मागे सरकवली, त्यांच्या पायाखाली उशी ठेवली. आणि गाडी चालू करून स्क्रीन बघतो तर — अठ्ठावन्न टक्के!

“बाबा, रात्री चार्जिंगला कुणी हात लावला?”

“मी मेन खाली केला,” बाबा शांतपणे म्हणाले. “झोपताना मेन चालू ठेवतान क कुनी? आग लागली म्हंजे?”

ज्यांनी लूमच्या कारखान्यात जन्म काढलाय त्यांना हे सांगायला नको. हवेत कापसाची लव, वायरिंग जुनं, एक ठिणगी उडाली तर अख्खा कारखाना जातो. म्हणून कारखाना सोडताना मेन स्विच खाली ओढायचा ही जॉबरची शेवटची ड्युटी. बाबांच्या हाताला ती सवय इतकी लागलीय की लग्नाच्या हॉलमधून निघतानाही त्यांचा हात भिंतीकडे जातो. घरात तर आम्ही वैतागलोय, फ्रिजचं आईसक्रीम कितीदा वितळलं असेल. पण त्या दिवशी मी ओरडूच शकलो नाही. बावीस वर्षांनी माणूस निघालाय आणि मी त्याला बेचाळीस टक्क्यांवरून झापू? म्हटलं, चला. जमवू.

कसलं जमतंय! दुर्गाडीचा पूल, शिळफाटा, कळंबोली करत एक्स्प्रेस वेच्या फूड मॉलला पोचलो. चार्जिंगला माझ्यापुढे दोन गाड्या. तिथून निघायला सव्वानऊ वाजले. साताऱ्याजवळ चार्जरच्या दोन गनपैकी एक बंद, दुसरी लावून एक महाशय निवांत जेवायला गेलेले. त्यांना शोधून काढलं तर म्हणतात, “बासुंदी येतेय, पाच मिनिटं.” मी त्यांना जे बोललो ते इथे लिहीत नाही. माझा नंबर लागल्यावर जेमतेम चाळीस टक्के केली आणि निघालो, म्हटलं उरलेली कराडला करू. कराडला दोन पाचला पोचलो. तिथल्या चार्जरची स्क्रीन काळीठिक्कर. हेल्पलाईनवर एक मुलगी गोड आवाजात म्हणाली, “सर, आमची टीम त्यावर काम करत आहे.” कुठे करत होती देव जाणे, तिथे एक कुत्रं सोडून कुणी नव्हतं.

गाडीत एकोणीस टक्के. ताईचं गाव सत्तरेक किलोमीटर, मध्ये सुर्लीचा घाट. मी म्हणालो, “बाबा, भाऊजींना फोन करतो, कुणाला तरी गाडी घेऊन पाठवतील.”

“न्हाय,” बाबा म्हणाले. “बावीस वर्सांनी चाललुय, आन पयला फोन काय, आमाला घ्याला या? न्हाय. चल तू.”

कराडात टॅक्सी बघितली. लग्नसराईचा शनिवार, एक मिळेना. एसटीच्या दारात माणसं लटकलेली, बाबांचा गुडघा त्यात चढणार कसा? म्हटलं चला, होईल ते होईल.

घाट चढताना टक्के असे पडत होते की मला स्क्रीनकडे बघवेना. एसी बंद, काचा खाली, स्पीड चाळीस. मागून डंपरवाले शिव्या देत होते. कडेगाव पाचेक किलोमीटर राहिलं असेल तेव्हा पाच टक्के उरले. गाडीने स्वतःहून वेग कमी केला आणि स्क्रीनवर पिवळं कासव आलं. होय, कासवच येतं. मला रडायला येत होतं. सायली लहान असताना मी तिला भेटायला गुपचूप जायचो. तेव्हा ती विचारायची, “मामा, माझ्या लग्नाला तरी दिवसाउजेडी येशील ना?” तेच डोक्यात घोळत होतं.

इतक्यात बाबा म्हणाले, “थांबव.”

“काय झालं?”

“लूम चालू हायत. आयकतंस?”

मला ट्रॅफिकशिवाय काही ऐकू येत नव्हतं. बाबांचे कान लूमच्या आवाजाने अर्धे गेलेत, घरात दहा हाका माराव्या लागतात. पण ते काचेतून डोकं बाहेर काढून म्हणाले, “आठ लूम. एक आजारी हाय. जिथं लूम तिथं पावर. वलव गाडी.”

डाव्या हाताला एक कच्चा रस्ता होता. आत शंभरेक पावलांवर कडुनिंबाखाली पत्र्याची शेड, भिंतींना निळसर चुना. जवळ गेलो तसा मलाही आवाज आला. खटाक-खटाक, खटाक-खटाक. भिवंडीत जन्मलेल्या माणसाला हा आवाज नवा नाही, आम्ही त्यातच झोपतो आणि त्यातच उठतो. मला तर धीरच आला एकदम. तीन वाजून वीस मिनिटं झाली होती. लख्ख ऊन होतं. हे मुद्दाम सांगतोय.

दारात एक गृहस्थ आले. साठी ओलांडलेले, पायजमा-बंडी, केसांना आणि भुवयांना कापसाची लव चिकटलेली. बाबाही कामावरून यायचे तेव्हा असेच दिसायचे.

“या की पाव्हणं. कुठनं म्हणायचं?”

मी भिवंडी सांगितलं, लग्नाचं सांगितलं, गाडीचं सांगितलं. म्हटलं, जे काही असेल ते देतो, फक्त पंधरा अँपिअरचा सॉकेट द्या.

“भिवंडी व्हय! मग तुमी घरचीच की. लावा वायर, त्यात इचारायचं काय.”

मेन बोर्डाशेजारी सॉकेट होता. गाडीसोबत येणारी साधी वायर लावली. ज्यांच्याकडे ईव्ही आहे त्यांना कळेल — अर्थिंग नीट नसेल तर ही वायर लाल दिवा दाखवते आणि गाडी अजिबात चार्जिंग घेत नाही. मी श्वास रोखून उभा होतो, कारण अशा शेडमध्ये अर्थिंग कुठलं आलंय... पण दिवा हिरवा लागला. तीन चोवीस.

मग मी हिशेब केला. चाळीसेक किलोमीटर अजून जायचं. त्यासाठी लागणारं चार्जिंग साध्या सॉकेटवर व्हायला निदान दोन तास. म्हणजे इथून निघणार साडेपाचला, गावच्या रस्त्यांनी पोचणार साडेसहाला. मुहूर्त सहा बाराचा. मांडवात सायलीला तिच्या काकूचा भाऊ घेऊन जाणार, आणि ताई समजणार की बाबांनी ह्याला पण अडवलं. मी ताईला फोन लावला, रेंज नाही. शेतात जाऊन हात वर करून बघितलं, तरी नाही.

शेडमध्ये आलो तर बाबा गायब! बघतो तर आत, कोपऱ्यातल्या मागापाशी, शर्टाच्या बाह्या वर करून वाकलेले. त्या मागाचा धोटा, आडवं सूत नेणारा तो लाकडी तुकडा, सारखा बाहेर उडत होता. बाबांनी एका नजरेत पकडलं, धोट्याला फटका मारणाऱ्या दांडीचा चामडी पट्टा ढिला होता. ते गृहस्थ पाना देतायत, बाबा पट्टा आवळतायत. लग्नाचा पांढरा शर्ट, त्याला ग्रीसचा हा एवढा पट्टा! मी कपाळाला हात लावला.

आणि दोघं बोलत होते. लूमवाल्यांचं बोलणं ज्यांनी बघितलं नाही त्यांना सांगतो, त्या आवाजात तोंडाने बोलून उपयोग नसतो. ओठ हलवायचे, हाताने खुणा करायच्या, समोरचा बरोबर समजतो. चाळीस वर्षं बाबा तसंच बोललेत. मी दारातून बघत होतो. गृहस्थांनी काहीतरी विचारलं, बाबांनी हाताने वेणीची खूण केली — मुलगी. मग दोन बोटं, पुन्हा दोन बोटं. बावीस. मग गृहस्थ बोलायला लागले आणि बाबा पाना हातात धरून नुसते ऐकत होते. किती वेळ गेला, मला कळलं नाही. मध्येच त्यांनी स्टोव्हवर चहा ठेवला, तिघांना कपबशीतून दिला. आल्याचा, गोड मिट्ट. तो माग पुन्हा चालू झाला तेव्हा बाबा असे हसले की आई गेल्यापासून मी ते हसणं बघितलं नव्हतं.

मग ते गृहस्थ बाहेर आले आणि मला म्हणाले, “काढा आता वायर. जावा. उशीर करू नगा.”

मी म्हणालो, “अहो काका, अजून पाऊण तासच झालाय, एवढ्यात कुठे...”

“बघा तर खरं.”

बघितलं. सत्तेचाळीस टक्के.

मी गाडी बंद करून परत चालू केली. सत्तेचाळीस. चार वाजून अकरा मिनिटं झाली होती. साध्या सॉकेटवर एवढं चार्जिंग व्हायला पाच-सहा तास लागतात. पण त्या क्षणी कोण विचार करतो हो? मला वाटलं स्क्रीन चुकतेय, पण कासव तर गेलं होतं! त्यांच्या हातात काहीतरी ठेवायला गेलो तर त्यांनी दोन्ही हात मागे घेतले. बाबांनी त्यांना नमस्कार केला आणि आम्ही सुटलो.

कडेगाव मागे पडल्यावर बाबा म्हणाले, “त्याची पोरगी विट्याला दिलीय. हितून पंधरा किलोमीटर. नातवाच्या बारशाला काय दोन शब्द झालं म्हने, ताटावरून उठून आला. नऊ वर्सा गेलाच न्हाय. पंधरा किलोमीटर हाय रे!”

“मग आता जातात का?”

“राहून गेलं, बोल्ला. मना बोल्ला, तुमी जावा, माजं राहून गेलं.” आणि बाबा खिडकीकडे तोंड करून बसले.

पाच पंधराला ताईच्या दारात पोचलो. स्क्रीनवर एकोणतीस टक्के. दारात मांडव, सनई, पोरांचा गोंधळ. ताई शालू नेसून कुणाला तरी ओरडत होती. गाडीतून मी उतरलो, तिने मान डोलावली. मग दुसरं दार उघडलं. ती जागच्या जागी थांबली.

बाबा लंगडत तिच्यासमोर गेले. शर्टावर ग्रीस. मला वाटलं आता नुसते उभे राहतील, माणूसच तसा आहे. पण ते सगळ्यांसमोर म्हणाले, “चुकला माजा. बावीस वर्सा चुकला. पानी दे.”

ताईने तांब्या आणला. घाईत अर्धं पाणी बाबांच्या पायावरच सांडलं. बाबांनी उभ्याउभ्या ते घटाघटा पिऊन टाकलं. भाऊजी आले आणि त्यांच्या पाया पडायला वाकले, तर बाबा त्यांना काय म्हणाले असतील? “आजून पट्टा ढिलाच सोडतंस क?” भाऊजी हसता हसता रडायला लागले. मी तर मांडवाच्या मागे जाऊन रडून घेतलं. सहा बाराला सायलीला मी मांडवात आणलं. बाबा पहिल्या रांगेत, ग्रीसच्या शर्टात. भाऊजींनी नवा शर्ट दिला होता, घातला नाही.

ते सत्तेचाळीस टक्के सोडले तर इथपर्यंत यात अमानवीय काहीच नाही, मला मान्य आहे. पुढचं ऐका.

दुसऱ्या दिवशी सकाळी सायली सासरी गेली. घर रिकामं झालं तेव्हा बाबा ताईला म्हणाले, “चल, आठ दिस घरी.” बायको-मुलांचं परतीचं तिकीट ट्रेनचं होतं, त्यामुळे गाडीत आम्ही तिघं, बाबा, ताई आणि मी. रात्रभर, भाऊजींनी लग्नानंतर गावी काढलेल्या लूमच्या कारखान्यात चार्जिंग लावलेलं, गाडी फुल. त्या गृहस्थांना द्यायला ताईने लाडवांचा डबा घेतला होता. “कोण एवढा देवमाणूस ते मला बघायचंय,” म्हणाली.

अकराच्या सुमाराला तो कच्चा रस्ता आला. मी वळवली. ताई म्हणाली, “अरे इकडे कुठे? हा कारखाना तर कधीचा बंद आहे.”

“काल चालू होता,” मी म्हणालो.

कडुनिंब तोच. शेड तीच. पण अर्धे पत्रे उडालेले, निळा चुना कधी काळी दिलेला, आता पोपडे. दाराला कुलूप, ते गंजून एक झालेलं. खिडकीतून आत बघितलं. माग एकही नाही. जमिनीत नुसते बोल्ट, आठ मागांचे, आणि त्यांच्यामधून वाढलेली घाणेरीची झुडपं. मेन बोर्डाच्या जागी लाकडी फळी, मीटर काढून नेलेला, वायरी कापलेल्या. खांबावरून शेडकडे येणारी लाईनच नव्हती. सॉकेट होता, त्यात गांधीलमाशीने मातीचं घर केलं होतं.

मी दोन पावलं मागे आलो. बाबा मात्र खिडकीचा गज धरून आत बघत राहिले, कोपऱ्याकडे, जिथे त्यांनी पट्टा आवळला होता.

शेजारच्या मळ्यातल्या एक मावशी शेळ्या घेऊन आल्या. आम्ही कोण, काय, ते विचारलं. मी काही न सांगता नुसतं विचारलं, हा कारखाना कुणाचा?

“शंकरअण्णांचा. अण्णा जाऊन चौदा वर्सं झाली. त्येंच्या मागं लूम भंगारात गेली, तवापास्नं बंदच हाय.”

“त्यांची मुलगी विट्याला असते का?” बाबांनी विचारलं. गृहस्थांनी त्यांना तसं सांगितलं होतं.

मावशी चमकल्या. “तुमास्नी कसं ठावं? हाय की. बापलेकीचं बोलणं नव्हतं बगा. नऊ वर्सं. अण्णा जायच्या दिवशी सकाळी इस्त्रीची कापडं घालून तयार झालं हुतं म्हणं तिच्याकडं जायला. पण कारखान्याच्या दारातच...” मावशींनी हाताने त्या कुलूपबंद दाराकडे खूण केली.

ताईने माझा दंड घट्ट धरला. ती अशा गोष्टींना घाबरते. मी म्हणालो, “बाबा, चला. निघू या इथून.”

“गाडी फिरव,” बाबा म्हणाले. “विट्याला.”

“अहो बाबा! उलटं जायचं? आणि जाऊन सांगणार काय? चौदा वर्षांपूर्वी गेलेल्या वडलांनी काल चहा पाजला? ती झाडू घेऊन मारेल आपल्याला.”

“मारू दे. त्याचा निरोप माज्यापाशी हाय. तो मी ठेवून घेनार न्हाय.”

ताई माझा दंड सोडत म्हणाली, “दादा, फिरव.”

मावशींनी पत्ता दिला होता. विट्यात एका गल्लीत घर. दार उघडणारी बाई पंचेचाळिशीची असेल, हाताला पीठ. बाबांनी ओट्यावर बसून सगळं सांगितलं. काही वाढवलं नाही, काही लपवलं नाही. माग आठ, एकाचा पट्टा ढिला, ताटावरून उठून आल्याचं, पंधरा किलोमीटर, आणि शेवटी, “राहून गेलं बोलले. तुज्याकडं येवाचा राहून गेला.”

मी मनातल्या मनात झाडूची वाट बघत होतो. बाई खाली मान घालून हाताचं पीठ चोळत बसल्या. मग त्यांनी विचारलं, “च्या दिला त्यांनी?”

“दिला,” बाबा म्हणाले. “आल्याचा. गोड मिट्ट.”

“मग अण्णाच.” त्या एकदम हसल्या आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं. “पाव्हण्याला च्याबिगर सोडायचं न्हाईत. अहो, मी काय दारात उभं केलं असतं का त्यांना? नुसतं आलं असतं तर...” आमची ताई उठली, त्यांच्याशेजारी जाऊन बसली, आणि दोघी अनोळखी बायका एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. निघताना त्या बाबांच्या पाया पडल्या आणि म्हणाल्या, “चौदा वर्सं मला वाटायचं, माझ्यावरचा राग मनात धरूनच गेलं. आज निजेन मी.”

हे सगळं असं आहे. आता तुमच्या शंका. सर्व्हिस सेंटरला गाडी दाखवली, ते म्हणाले ॲपची चूक असेल. बरं, ॲपची चूक. मग मी चाळीस किलोमीटर काय ढकलत नेली? ॲपमध्ये नोंद आहे — तीन चोवीस ते चार अकरा, पाच ते सत्तेचाळीस, आणि नकाशावर ठिपका बरोबर त्या कडुनिंबावर. वायरमन मित्राला विचारलं, तो म्हणतो शक्य नाही. भास म्हणाल तर दोघांना एकच भास? आणि ग्रीस लागलेला शर्ट ताईने अख्ख्या वऱ्हाडासमोर बघितलाय. लॉगबुकमध्ये न बसणारी एंट्री माझ्या आयुष्यात ही पहिलीच.

बाबांना विचारलं, तुम्हाला काय वाटतं? ते म्हणाले, “त्याला जावाला न्हाय मिलाला, म्हनून त्यानं मना धाडला. यात इचार कराचा काय हाय?” त्यांच्या दृष्टीने विषय संपला.

ताई आठ दिवसांसाठी आली होती, आज एकविसावा दिवस आहे. भाऊजींचे रोज फोन येतात, कधी पाठवताय म्हणून. बाबा फोन घेतात आणि सांगतात, आजून न्हाय.